सिरिंजमधली गुठळी

अँजिओग्राफी चालू असताना टेबलाशी उभ्या असलेल्या डॉक्टरांच्या हाताकडे बघत राहिलं, की एक छोटी हालचाल पुन्हा पुन्हा दिसते. क्ष-किरणांत रक्तवाहिन्या दाखवणारी डाय सोडण्याआधी ते सिरिंजचं तोंड खाली धरतात आणि दट्ट्या हलकेच मागे ओढतात. आत हवेचा बुडबुडा राहिलेला नाही ना, कॅथेटरचं टोक धमनीच्या भिंतीला टेकलेलं नाही ना, याची ती खात्री असते. त्या ओढीसरशी रक्ताची एक बारीक रेघ सिरिंजमध्ये शिरते. डाय पाण्यासारखी नितळ दिसली तरी पाकासारखी जड असते. रक्त तिच्यात बुडत नाही, धुरासारखे वळसे घेत वर चढतं. मग दट्ट्या पुढे जातो, पडद्यावर हृदयाच्या धमन्या क्षणभर काळ्या उमटतात आणि विरून जातात. लगेच रक्त गोठू न देणारं हेपॅरिन घातलेल्या सलाईननं नळी धुऊन घेतली जाते.

समजा, याच वेळी काही अडलं. रुग्णाचा रक्तदाब उतरला, सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं आणि डायमध्ये मिसळलेलं ते थोडं रक्त सिरिंजमध्ये तसंच राहिलं. काही वेळानं तीच सिरिंज उचलली, तर आत काय असेल? १९८७ साली ‘रेडिओलॉजी’ या अमेरिकी मासिकात एच. जे. रॉबर्टसन यांनी याचं उत्तर दिलं. नव्या, नॉन-आयनिक डायच्या सिरिंजमध्ये रक्ताच्या गुठळ्या झालेल्या त्यांनी नोंदवल्या. अशी गुठळी कॅथेटरमधून पुढे ढकलली गेली, तर ती थेट हृदयाच्या किंवा मेंदूच्या धमनीत जाते. त्या छोट्या टिपणानंतर दहा-पंधरा वर्षं रेडिओलॉजिस्ट आणि हृदयरोगतज्ज्ञ एका प्रश्नावर भांडत राहिले: डायमुळे रक्त गोठतं का?

अँजिओग्राफीच्या खोलीबाहेर, म्हणजे कॅथ लॅबबाहेर, संमतीपत्रावर सही करणारे नातेवाईकही हेच विचारतात. कुणी म्हणतं डायनं रक्त घट्ट होतं, कुणी म्हणतं पातळ होतं. माझ्या मते प्रश्न असा विचारला म्हणूनच उत्तर इतकी वर्षं हाती लागलं नाही. आयोडीनयुक्त कोणतीही डाय रक्तात मिसळली, की गोठण्याची क्रिया मंदावते. जुन्या डाय ती फार मंदावत, नव्या डाय थोडीच मंदावतात. जुनी डाय रुग्णाला भाजल्यासारख्या वेदना द्यायची, आणि त्याच वेळी तिच्याही नकळत सिरिंजमधलं रक्त पातळ ठेवायची. ती बदलली तेव्हा वेदना गेल्या आणि तो पहाराही उठला. पहारा होता हेच कुणाला माहीत नसल्यामुळे तो उठल्याचंही लगेच कुणाच्या लक्षात आलं नाही.

रक्तवाहिन्यांचं चित्र काढण्याच्या पहिल्या प्रयत्नांपासूनच गुठळीची भीती सोबत आहे. पोर्तुगालमध्ये लिस्बनला एगास मोनिझ यांनी १९२७ साली जिवंत माणसाच्या मेंदूच्या धमन्या क्ष-किरणांत पहिल्यांदा दाखवल्या, त्या सोडियम आयोडाइड वापरून. त्याआधी ते स्ट्रॉन्शियम ब्रोमाइड वापरत होते. त्या प्रयोगांत एक रुग्ण दगावला आणि रक्तवाहिनीत झालेली गुठळी हे त्याचं कारण मानलं गेलं. पुढे १९५० च्या दशकात डायट्रिझोएट आलं: बेंझिनचं एक कडं आणि त्यावर आयोडीनचे तीन अणू. आजची जवळजवळ प्रत्येक डाय याच साच्यातून निघाली आहे. १९५८ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स महाधमनीत डाय सोडायला गेले, तर कॅथेटरचं टोक चुकून रुग्णाच्या उजव्या हृदयधमनीत शिरलेलं होतं. डाय थेट तिथे गेली. हृदय काही क्षण थांबलं, रुग्णाला खोकायला लावलं आणि ते पुन्हा सुरू झालं. त्या अपघातातून कोरोनरी अँजिओग्राफी जन्मली.

या जुन्या डाय आयनिक होत्या. पाण्यात विरघळल्या की रेणूचे दोन तुकडे व्हायचे, एक आयोडीन वाहणारा आणि दुसरा नुसता सोबतीचा. म्हणजे तीन आयोडीन अणूंमागे दोन कण. चित्र नीट उमटण्याइतकं आयोडीन द्यायचं तर द्रावणात कणांची एवढी गर्दी व्हायची की त्याची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे आसपासचं पाणी खेचून घेण्याची ताकद, १५०० ते २००० पर्यंत जायची. रक्ताची असते सुमारे २९०. असलं द्रावण रक्तवाहिनीत गेलं की तांबड्या पेशींमधलं पाणी बाहेर ओढलं जातं. एरवी लवचिक असणाऱ्या त्या पेशी आक्रसून काटेरी आणि ताठ होतात. वाहिनीचं आतलं अस्तर दुखावतं. रुग्णाला वाटतं, पायातून किंवा डोक्यातून कुणी उकळतं पाणी ओतलं.

ही वेदना स्वीडनच्या तोर्स्टेन आल्मेन यांना अस्वस्थ करत होती. पोहताना खाऱ्या समुद्राच्या पाण्यात डोळे झोंबतात, बाल्टिकच्या मचूळ पाण्यात तेवढे झोंबत नाहीत, हे त्यांच्या लक्षात होतं. झोंबण्याचं कारण आयोडीनमध्ये नसून कणांच्या गर्दीत असलं पाहिजे, असा त्यांनी तर्क बांधला. पाण्यात न तुटणारा, म्हणजे नॉन-आयनिक, तरीही विरघळणारा रेणू बनवता येईल ही कल्पना त्यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. नॉर्वेतल्या न्यूगार्ड कंपनीनं ती उचलली आणि त्यातून १९८० च्या दशकात आयोहेक्सॉल बाजारात आलं. आता तीन आयोडीन अणूंमागे एकच कण होता. ऑस्मोलॅलिटी ६०० ते ८५० वर आली. दोन कडी जोडलेलं नॉन-आयनिक आयोडिक्सॅनॉल पुढे आलं, ते तर रक्ताच्याच बरोबरीचं, २९०. या दोन्हींच्या मधली आणखी एक जात होती: आयोक्साग्लेट. ती आयनिकच, पण दोन कड्यांची, त्यामुळे ऑस्मोलॅलिटी ६०० च्या आसपास. तिचं नाव पुढे पुन्हा येणार आहे.

नव्या डायनं रुग्णांचं किती भलं केलं, याचा सर्वात मोठा हिशेब जपानमधून आला. कातायामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये तीन लाख सदतीस हजारांहून अधिक तपासण्यांची नोंद मांडली. आयनिक डायनंतर १२.६६ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला होता, नॉन-आयनिकनंतर ३.१३ टक्के. गंभीर त्रासाचे आकडे होते ०.२२ आणि ०.०४ टक्के. त्यामुळे पुढचं सगळं वाचताना हे आकडे डोळ्यांसमोर असू द्यावेत. जुन्याकडे परत जावं असं या वादात कुणी शहाण्या माणसानं म्हटलेलं नाही, आणि मीही म्हणत नाही.

मग गुठळ्या का झाल्या? त्यासाठी क्लीव्हलँडमध्येच, पण वेगळ्या प्रयोगशाळेत जायला हवं. १९५५ मध्ये ऑस्कर रॅटनॉफ यांनी जॉन हेगमन नावाच्या रेल्वे कामगाराच्या रक्ताविषयी लिहिलं. त्याचं रक्त काचेच्या नळीत काही केल्या गोठत नव्हतं, तरीही त्या माणसाला रक्तस्रावाचा त्रास कधीच नव्हता. त्याच्यात एक घटक कमी होता. आज आपण त्याला घटक बारा म्हणतो आणि त्याचं दुसरं नाव अजूनही हेगमन घटक असंच आहे. काचेचा स्पर्श झाला की हा घटक जागा होतो आणि गोठण्याची साखळी सुरू करतो. शरीराच्या आत जखम बुजवायला त्याची गरज नसते. शरीराबाहेरच्या परक्या पृष्ठभागाला भिडलं की मात्र रक्त त्याच्या वाटेनं गोठतं. हेगमन १९६८ मध्ये वारला, तो फुप्फुसात गुठळी अडकून. न गोठणाऱ्या रक्ताच्या माणसाला गुठळीनं नेलं, ही गोष्ट रक्तविकार शिकणारा कुणी विसरत नाही.

सिरिंज आणि कॅथेटर हे दोन्ही परके पृष्ठभागच. पूर्वी तिथे रक्त थांबलं तरी आयनिक डाय त्याला बराच वेळ गोठू देत नसे. गोठण्याच्या साखळीला वेग देणारं थ्रॉम्बिन ती तयारच होऊ देत नसे, आणि फायब्रिनचे सुटे धागे एकमेकांत गुंफले जाण्यातही अडथळा आणायची. नॉन-आयनिक डायही हे दोन्ही करते, पण अर्ध्या मनानं. म्हणून काचेच्या सिरिंजमध्ये, थांबलेल्या रक्तात, पुरेसा वेळ मिळाला की गुठळी होते. काचेऐवजी प्लॅस्टिकची सिरिंज वापरली तर हे घटतं, पण पूर्ण थांबत नाही. नॉन-आयनिक डायच्या अमेरिकी माहितीपत्रकात हा इशारा तेव्हापासून छापला जातो: रक्ताशी संपर्क कमीत कमी वेळ ठेवा, नळ्या हेपॅरिनच्या सलाईननं वारंवार धुवा, तपासणी विनाकारण लांबवू नका. आधी सांगितलेली नळी धुण्याची क्रिया एवढ्या शिस्तीनं होते, तिच्यामागे हा इतिहास आहे. कॅथ लॅबमधल्या सगळ्या यंत्रांमध्ये मला ती सलाईनची बाटली सर्वात महत्त्वाची वाटते.

इथवर सगळं सरळ आहे. गुंता सुरू होतो प्लेटलेट्सपाशी. प्लेटलेट म्हणजे गुठळीची पहिली वीट. आयनिक डाय प्लेटलेट्सना एकमेकांना चिकटू देत नाही. नॉन-आयनिकही थोडंफार तेच करते, पण १९९३ मध्ये ‘सर्क्युलेशन’मध्ये आलेल्या क्रोनॉस आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात तिची दुसरी बाजू दिसली. काही नॉन-आयनिक डायच्या स्पर्शानंच प्लेटलेट्स आपल्या पोटातले कण बाहेर टाकतात, म्हणजे चेततात. आयोक्साग्लेटमुळे हे होत नव्हतं. याचा अर्थ असा की नव्या डायनं जुना पहारा उठवलाच, शिवाय प्लेटलेटच्या बाबतीत एक बारीक ठिणगीही टाकली. अर्थात हे परीक्षानळीतलं दृश्य. नळीत डाय आणि रक्त ठरावीक प्रमाणात, ठरावीक वेळ एकत्र असतात. हृदयाच्या धमनीत डाय काही सेकंद जवळजवळ निव्वळ असते, आणि पुढच्या ठोक्यांबरोबर वाहून जाते. अख्ख्या शरीरात शंभर मिलिलिटर डाय पाच लिटर रक्तात मिसळली, की तिचं प्रमाण दोनेक टक्क्यांवर येतं. मूत्रपिंडं धड असतील तर दर दोनेक तासांनी ती निम्मी होत जाते. नळीतलं खरं मानून रुग्णावर लावण्याची घाई १९८० च्या दशकाच्या शेवटी झाली, आणि रुग्णाला काही झालं नाही म्हणून नळीतलं खोटं ठरवण्याची घाई नंतर झाली. दोन्ही चुका सारख्याच.

शिरांच्या बाबतीत चित्र नेमकं उलटं होतं, आणि याकडे मराठीत फारसं लक्ष गेलेलं नाही म्हणून जरा थांबून सांगते. पायाच्या शिरेत गुठळी आहे का हे पाहायला पूर्वी पावलाच्या शिरेतून डाय सोडून फोटो काढत. त्याला व्हेनोग्राफी म्हणत. १९७६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अल्ब्रेख्टसन आणि ओल्सन या स्वीडिश डॉक्टरांनी दाखवून दिलं, की गुठळी शोधणारी ही तपासणीच काही रुग्णांच्या पायात नवी गुठळी तयार करते. आणि ही डाय होती जुनी, आयनिक, म्हणजे सिरिंजमध्ये रक्त गोठू न देणारी. हे कसं? धमनीत रक्त धावत असतं, पायाच्या शिरेत ते रेंगाळतं. पट्टा बांधून, रुग्णाला तिरकं ठेवून केलेल्या त्या तपासणीत दाट डाय शिरेच्या अस्तराला मिनिटन्‌मिनिटं भिडून राहायची. अस्तर भाजलं की गोठणं सुरू, मग डायचा रासायनिक गुण कितीही रक्त पातळ ठेवणारा असो. नव्या, कमी ऑस्मोलॅलिटीच्या डायनं आणि शेवटी शिर सलाईननं धुऊन काढण्यानं हा धोका उतरला. पुढे अल्ट्रासाउंड डॉप्लर आलं आणि ती तपासणीच मागे पडली. पण तिनं शिकवलेला धडा या आढाव्याच्या मध्यभागी ठेवावा असा आहे. गुठळी रक्तात होते, वाहिनीच्या भिंतीवर होते आणि प्रवाह थांबल्यावर होते. डाय या तिन्हींना वेगवेगळ्या दिशेनं ढकलते. एकच डाय सिरिंजमध्ये राखणदार आणि शिरेत गुन्हेगार असू शकते.

प्रश्नाचा खरा निकाल अँजिओप्लास्टीच्या टेबलावर लागायला हवा होता. तिथे फुगा धमनीचं अस्तर फाडतो, गाईडवायर तासभर आत असते, आणि आधीच गुठळी होऊन हृदयविकाराचा झटका आलेला रुग्ण पडलेला असतो. १९९६ मध्ये ग्राइन्स यांच्या गटानं झटका आलेल्या किंवा अस्थिर अँजायनाच्या २११ रुग्णांवर चाचणी केली. आयनिक आयोक्साग्लेट मिळालेल्यांना रक्तपुरवठा पुन्हा अडण्याचा त्रास नॉन-आयनिकवाल्यांपेक्षा कमी झाला. अनेक कॅथ लॅबनी तेव्हा अँजिओप्लास्टीसाठी आयोक्साग्लेट धरलं. मग १९९९ मध्ये जर्मनीत २००० रुग्णांची चाचणी झाली, आणि आयोक्साग्लेट व नॉन-आयनिक आयोमेप्रॉल यांत फरक दिसला नाही. २००० साली तर एकाच विषयावर दोन निकाल आले. व्हीआयपी चाचणीत १४११ रुग्णांमध्ये आयोडिक्सॅनॉल आणि आयोक्साग्लेट बरोबरीत सुटले. कोर्ट या चाचणीत जास्त जोखमीच्या ८५६ रुग्णांमध्ये आयोडिक्सॅनॉल सरस ठरलं: रुग्णालयात असतानाच्या मोठ्या गुंतागुंती ५.४ टक्के, आयोक्साग्लेट गटात ९.५ टक्के. चार वर्षांत वाद आयनिकच्या बाजूनं सुरू होऊन नॉन-आयनिकच्या बाजूला झुकला.

औषध तेच, मग निकाल का फिरला? मला वाटतं, त्याचं उत्तर डायमध्ये नाही, तिच्या अवतीभवती बदललेल्या गोष्टींत आहे. आंद्रेआस ग्रुंत्सिग यांनी १९७७ मध्ये झुरिकला पहिली अँजिओप्लास्टी केली तेव्हा ॲस्पिरिन आणि हेपॅरिन एवढंच हाती होतं. १९९० च्या दशकात प्लेटलेट्सना आवरणारं ॲबसिक्सिमॅब आलं, स्टेंट रुळला, टिक्लोपिडिन आणि पाठोपाठ क्लोपिडोग्रेल ही त्याच कामाची औषधं आली. प्लेटलेट इतक्या बाजूंनी बांधून टाकल्यावर डायनं टाकलेली बारीक ठिणगी कशाला पेटवणार? त्यातच आयोक्साग्लेटनं ॲलर्जी आणि उलट्यांचा त्रास जास्त होतो, हेही दिसत होतं. ते हळूहळू कपाटातून गेलं. आज आपल्याकडच्या कॅथ लॅबमध्ये दिसते ती जवळजवळ सगळी नॉन-आयनिक डाय. किमतीमुळे जुनी आयनिक डाय आयव्हीपीसारख्या, म्हणजे मूत्रमार्गाच्या, तपासण्यांत आपल्याकडे बरीच वर्षं टिकली, तीही आता ओसरली.

सीटी स्कॅनसाठी हाताच्या शिरेतून डाय देतात तेव्हा यातलं फारसं लागू होत नाही. प्रवाह वाहता असतो, डाय लगेच पातळ होते, पाठोपाठ सलाईन जातं. एमआरआयच्या गॅडोलिनियमची मात्रा तर दहा-पंधरा मिलिलिटरची, तिचा गोठण्यावर व्यवहारात परिणाम दिसत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेले लोक सीटीच्या आदल्या दिवशी आपल्या मनानं गोळी बंद करतात, ते मात्र धोक्याचं आहे. शिरेतून डाय घेण्यासाठी ती गोळी थांबवावी लागत नाही. धमनी टोचायची असेल तेव्हा काय करायचं, ते टोचणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचं असतं.

काही रुग्णांच्या बाबतीत डायचं माहितीपत्रक खरोखर वाचायला हवं. होमोसिस्टिन्युरिया हा दुर्मीळ जन्मजात आजार असेल तर अँजिओग्राफी शक्यतो टाळावी असं ते सांगतं, कारण या रुग्णांमध्ये गुठळीचा धोका आधीच मोठा असतो. दुसरं नाव आपल्या फार जवळचं आहे: सिकलसेल. विदर्भात, गडचिरोलीत, नंदुरबारच्या सातपुड्यात हा आजार घराघरांत माहीत आहे. दोन्ही पालकांकडून सिकलचा जनुक आलेल्या माणसाच्या तांबड्या पेशी पाणी कमी झालं की कोयत्यासारख्या वाकतात आणि बारीक वाहिन्या तुंबवतात. डाय रक्तवाहिनीत गेल्यावर हे वाढू शकतं, असा इशारा छापलेला असतो. जुन्या दाट डायच्या काळात तर ते सरळच होतं, कारण ती पेशीतलं पाणीच ओढून घ्यायची. नव्या डायनं भीती बरीच उतरवली आहे. तरीही तिथला रुग्ण स्कॅनला आला की त्याचं सिकलसेल कार्ड टेबलावर आधी यायला हवं, आणि त्याला तासन्‌तास उपाशी-तहानलेलं बसवून ठेवायला नको.

वादाचा एक धागा मात्र अजून मोकळा आहे, आणि माझ्या मते तोच आज सर्वात मोलाचा आहे. डाय गुठळी करते का हे आपण पुष्कळ विचारलं. झालेली गुठळी विरघळायला ती आड येते का? डायच्या सान्निध्यात तयार झालेले फायब्रिनचे धागे नेहमीपेक्षा बारीक आणि दाट विणीचे असतात. अशी वीण गुठळी विरघळवणाऱ्या औषधाला सहजी दाद देत नाही. १९९८ मध्ये पिस्लारू आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या हृदयधमनीत गुठळी तयार करून आधी डाय आणि मग गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज दिलं. आयोहेक्सॉल दिलेल्यांमध्ये धमनी उघडायला उशीर झाला, आणि जुन्या आयनिक डायट्रिझोएटनंही उशीर झाला. आयोक्साग्लेटनं झाला नाही. म्हणजे आयनिक चांगली, नॉन-आयनिक वाईट, ही जुनी वाटणी इथे मोडते.

महाराष्ट्रात हा प्रश्न नुसता प्रयोगशाळेतला नाही. तालुक्याच्या गावात छातीत कळ आलेल्या माणसाला तिथल्याच रुग्णालयात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात आणि मग रुग्णवाहिका शहराकडे निघते. औषध लागू पडलं असेल, तर अँजिओग्राफी साधारण २ ते २४ तासांच्या आत करायची असते. तोवर टेनेक्टेप्लेजसारख्या औषधाचा मुख्य भर ओसरलेला असतो, आणि डाय व औषध एकाच धमनीत एकाच वेळी भेटत नाहीत. पण कळ थांबत नसेल, ईसीजी सुधारत नसेल, तर कॅथ लॅबमध्ये लगेच घ्यावं लागतं, आणि तेव्हा इंजेक्शन रक्तात अजून काम करत असताना डाय आत जाते. म्हणून रुग्णवाहिकेतून उतरलेल्या नातेवाइकाच्या हातात जी चिठ्ठी असते, तिच्यावर औषधाचं नाव आणि इंजेक्शन दिल्याची वेळ ठळक अक्षरात लिहिलेली हवी. पहिली सिरिंज भरण्याआधी टेबलाशी उभा डॉक्टर तीच वेळ विचारतो.